घंटी मौनीकडे

४ जानेवारी
नवी टर्म, नवा मी. युनिव्हर्सिटीने ‘भाषणकला : प्राथमिक’ पुन्हा माझ्याच गळ्यात घातलंय. बावीस चेहरे, बावीसच्या बावीस घाबरलेले. छान. नियम एक : बोलताना ‘म्हणजे’ आलं की टेबलावरची घंटी वाजणार. नियम दोन : हातात कागद नको. कागद म्हणजे कुबड्या.

७ जानेवारी
घंटी शेवटच्या बाकावरच्या मुलीकडे सोपवली. ती तोंडच उघडत नाही, म्हणून मी तिला मौनी म्हणतो. आज घंटी एकतीस वेळा वाजली. त्यातल्या सव्वीस माझ्या. उदाहरण दाखवायला मी मुद्दामच म्हणत होतो.

१८ जानेवारी
विभागप्रमुख बाईंनी बोलावलं. कोर्सला मुलं कमी आहेत म्हणाल्या. दहा मार्चला येऊन मागे बसते, आधी तुम्ही पाच मिनिटं बोला, मग एखादा विद्यार्थी. त्यावरून ठरवू कोर्स ठेवायचा की नाही. कोर्स गेला की मीही गेलो, हे त्या बोलल्या नाहीत. मला ऐकू आलं. मी म्हटलं, अवश्य या. उद्यापासून रोज पहाटे आरशासमोर सराव.

१९ जानेवारी
पहाट झाली. मी उठलो नाही. आवाजाला विश्रांती हवीच.

२ फेब्रुवारी
बायकोसमोर सराव. विषय : भीतीवर मात. तिसऱ्या मिनिटाला ती कपड्यांच्या घड्या घालायला लागली. श्रोता रिलॅक्स झाला की समजावं, भाषण जमलं. नंतर म्हणाली, अहो, घरात बोलता तसं बोला की. हिला स्टेजचं शास्त्र काय कळणार!

२० फेब्रुवारी
मौनीला थांबवून विचारलं, का बोलत नाहीस? मान खाली घालून म्हणाली, लोक हसतील, सर. दीड तास तिला धीर दिला. दहा मार्चला तूच बोलायचंस, असंही सांगितलं. पोरगी पांढरीफटक पडली. पेटली असावी.

९ मार्च
अजिबात घाबरलो नाही. जेवण गेलं नाही, ते हवेमुळे. उद्या मुद्दे तळहातावर लिहून नेणार. तळहात म्हणजे काही कागद नव्हे.

१० मार्च, सकाळी ९
सात मुद्दे. निळी शाई. सज्ज.

१० मार्च, दुपार
नमस्कार म्हटलं आणि तळहात पाहिला. घामाने सगळं निळं. ‘म्हणजे’ म्हटलं. घंटी. ‘म्हणजे असं की’. घंटी. अशा अकरा. मग बारावं ‘म्हणजे’सुद्धा सुचेना. नुसता पंख्याचा आवाज. मला रडू येत होतं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय!
तेवढ्यात मौनी उठली, पुढे आली, घंटी माझ्या हातात दिली आणि बोलायला लागली. पाच मिनिटं, सरळ, स्वच्छ. मी घंटी धरून उभा. एकदाही वाजवायची वेळ आली नाही.

११ मार्च
कोर्स राहिला! मीही राहिलो! बाईंनी मौनीला विचारलं होतं म्हणे, तुझी भीती कशी गेली? ती म्हणाली, सरांना बघून. हे शब्द मोठ्या अक्षरांत छापून केबिनच्या दारावर लावणार आहे.
बायकोने विचारलं, पुढे काय म्हणाली? पुढे म्हणाली, याहून वाईट कुणी बोलूच शकत नाही, आणि तरी सरांना कुणी हसलं नाही. म्हणून बाईंची अट आहे, पुढच्या वर्षी पहिल्या तासाला आधी मीच बोलायचं, तयारी न करता.
दार अरुंद आहे. पहिले दोनच शब्द लावतो.