जावामध्ये नेर राज्यात अव्वल

५ जानेवारी २०२६, सोमवार

"जगात एक नंबर!" — सदाशिवरावांनी आजची मीटिंग उघडली ती अशी. हातात रंगीत प्रिंट, प्लॅस्टिकच्या कव्हरात, जणू सोनोग्राफीचा रिपोर्ट. सगळ्यात वर पायथन, खाली बाकीच्या. शेजारी हिरवे-लाल बाण. संस्थेचे सचिव म्हणून ते टेबलाच्या टोकाला, प्राचार्य त्यांच्या बाजूला मान हलवायला, आणि मी — निवृत्त झालेली संख्याशास्त्राची बाई, समितीवर "तज्ज्ञ" म्हणून.

प्रश्न एवढाच: दुसऱ्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंगची कोणती भाषा शिकवायची. विद्यापीठानं दोन पर्याय दिलेत, जावा किंवा पायथन. कॉलेजनं एक निवडायचा. आजवर जावा आहे. ती शिकवतो संघदीप, सहा वर्षं झाली, तासिका तत्त्वावर — तास असतील तर मानधन, नाहीतर घरी बसा. लोहाऱ्याहून रोज एसटीनं येतो. जावा गेली की त्याचे तास गेले. तो पायथनही शिकवेल, "पंधरा दिवस द्या मॅडम" म्हणाला. पण पायथनला माणूस आधीच ठरलेला दिसतो. तो प्रिंट आणणाराच! नयन, सदाशिवरावांचा पुतण्या, पुण्याहून चार महिन्यांचा कोर्स करून आलेला.

मी विचारलं, मोजलं काय? नयन म्हणाला, लोकप्रियता. मी म्हटलं, ती कशात मोजतात — लिटरमध्ये की फुटात? प्राचार्यांची मान मध्येच थांबली. खाली करायची की वर, ठरेना.

"नेटवर आहे मॅडम," नयन म्हणाला.

मग काय, झालंच सिद्ध! निर्णय पुढच्या मीटिंगवर.

६ जानेवारी

बसून वाचलं, ती यादी कशी करतात ते. भाषेचं नाव आणि पुढं "प्रोग्रामिंग" हा शब्द टाकून शोधायचं, आणि किती पानं सापडतात ते मोजायचं. बस. कोण वापरतो, कशासाठी, कुठल्या बँकेचा कारभार त्यावर चालतो — काही नाही. पानं मोजा.

या हिशेबानं नेरमधली सगळ्यात लोकप्रिय वस्तू म्हणजे मूळव्याध. बसस्टँडपासून कापूस बाजारापर्यंत एक भिंत सोडलेली नाही.

९ जानेवारी

आणखी तीन याद्या वाचल्या. करमणूक चांगली आहे.

एक यादी मोजते, कुठल्या भाषेचे धडे किती लोक शोधतात. म्हणजे येत नसलेल्यांची मोजणी. दुसरी मोजते, अडल्यावर लोक किती प्रश्न विचारतात. जी भाषा जास्त छळते ती पुढं! तिसरी सर्वेक्षण करते — ज्यांना फॉर्म भरायची हौस आहे त्यांचं. ज्यांच्या मागं काम आहे ते फॉर्म भरत नाहीत, सबब ते नाहीतच.

आणि बाण! तिसरीवरून चौथी झाली की लाल बाण, "घसरण". फरक किती? अर्धा टक्का. शिवाय सगळ्यांची बेरीज शंभर धरायची म्हटल्यावर एक जण वाढला की बाकीचे आपोआप आटतात, जागचे हललेसुद्धा नसले तरी. हे मी पहिल्या वर्षाला शिकवत होते. पास होण्यापुरतं.

संघदीपला सांगितलं तर तो हसला. मग म्हणाला, "मॅडम, हे तुमाले समजलं, मले समजलं. सचिवसाहेबायले कोन समजावन?"

म्हटलं, मी.

१४ जानेवारी

नयन तिळगूळ घेऊन आला. गोड बोला म्हणाला. मी गोड आवाजात विचारलं, त्या सर्वेक्षणात आपल्या भागातली माणसं किती होती? चहा न घेताच गेला.

१९ जानेवारी, सोमवार

मीटिंग. मी फळ्यावर लिहून सगळं समजावलं. मूळव्याधीचं उदाहरण दिलं, प्राचार्य लाजले. सदाशिवराव शेवटपर्यंत ऐकत होते, ही त्यांची जुनी सवय — ऐकतात आणि भलतंच उचलतात.

"मंजे जगाचं कायले पाहाचं, असंच ना मॅडम? मग आपल्या इकडचा नंबर काढा ना. आपल्या पोरायले काय आवडते ते पाहू."

नयननं तिथंच लॅपटॉप उघडला. कुठल्या भागात लोक काय शोधतात याचा आलेख दाखवणारी एक साइट आहे. आत्मविश्वासानं पायथन टाकलं, जावा टाकलं, महाराष्ट्र टाकलं. पडद्यावर आलं: जावा — नेर — शंभर. पुणं कुठंतरी खाली!

नयनचा चेहरा बघण्यासारखा होता.

सदाशिवराव उठून उभे राहिले. "शंभरपैकी शंभर! पुण्याले मागं टाकलं रे आपण!"

मी तोंड उघडलं. तो शंभर म्हणजे शंभर गुण नव्हेत. ज्या गावात एकूण शोधांमध्ये त्या शब्दाचा वाटा सगळ्यात मोठा, त्याला शंभर देऊन बाकीच्यांना त्या प्रमाणात बसवतात. लहान गावात शोधच कमी, तिथं मूठभर माणसांनीही शंभर होतो. हे सगळं जिभेवर होतं. तेवढ्यात ते प्राचार्यांना म्हणाले, जावाच ठेवा. संघदीपलाही ठेवा. वीस फेब्रुवारीच्या बैठकीत ठराव करून टाकू.

मी तोंड मिटलं.

आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं उत्तर बरोबर म्हणून जाऊ दिलं. घरी येताना स्वतःलाच सांगत होते, मी काही खोटं बोलले नाही. ही पळवाट मी मुलांना कधी चालू दिली नव्हती.

२६ जानेवारी

झेंडावंदन. गेटवर फ्लेक्स: "जावामध्ये नेर राज्यात अव्वल!" सदाशिवरावांचा फोटो दारापेक्षा मोठा. प्राचार्य त्याच्या निम्मे. संघदीप खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. जावा म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक नाही. दोघांनी मला विचारलं, मोटारसायकलची शर्यत होती का?

भाषणात सदाशिवराव म्हणाले, आता टोकियोलाही मागं टाकू. टोकियोनं काय वाकडं केलंय कोण जाणे.

२९ जानेवारी

राहवेना. एवढे शोध करतंय कोण? गावात जावा जाणणारी माणसं माझ्या माहितीत एक. म्हणून प्रॅक्टिकलच्या वेळी लॅबमध्ये गेले.

सगळी मुलं मोबाइलवर. कॉम्प्युटरच्या पडद्यांवर एकच लाल ओळ. बबिता म्हणून एक मुलगी आहे, बोरी अरबकडच्या तांड्यावरची. माझ्याही माहेरची वाट तीच, म्हणून माझ्याशी मोकळी बोलते. ती म्हणाली, "मॅडम, दिवाळीत नवीन मशिनी बसवल्या ना, तवापासून जावा चालूच होत नाही. रोज तोच एरर. रोज आम्ही मोबाइलवर टाकतो — जावा काहून चालून नाही राह्यली."

रोज?

"रोज. अख्खा वर्ग. सर एकेकाची मशीन चालू करून देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच."

मी एका स्टुलावर बसले आणि हसले. इतकी की पोरं घाबरली. राज्यात अव्वल! बिघडलेली लॅब राज्यात अव्वल! लाल ओळीची मिरवणूक काढली आम्ही, तीही प्रजासत्ताक दिनी.

संघदीपनं दिवाळीपासून तीन अर्ज दिलेत. मशिनी बसवणारा येतो येतो म्हणतो. सगळ्या मशिनी स्वतः उघडून नीट बसवायच्या तर दोन सुट्ट्या जातील, आणि परवानगीशिवाय हात लावला तर बोलणी. मी म्हटलं, प्राचार्यांची सही मी आणते, दुरुस्त कर.

त्यानं विचारलं, "मॅडम... शोध बंद होतील. मग गेटवरच्या फ्लेक्सचं?"

म्हटलं, मुलांचे तीन महिने गेले आहेत. फ्लेक्सचं मी बघते.

२ फेब्रुवारी, सोमवार

लॅब चालू. संघदीप शनिवार-रविवार तिथंच होता, डबा घेऊन.

बबितानं एसटीच्या वेळापत्रकाचा प्रोग्राम लिहिला — वेळ टाकली की बोरी अरबची पुढची गाडी सांगतो. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर. सगळा वर्ग तिच्यामागं उभा. घंटा झाली तरी कोणी उठेना. मोबाइल दप्तरात पडलेले.

हे कुठल्या यादीत मोजतात, कोणी सांगावं मला.

१२ फेब्रुवारी

व्हायचं ते झालं. नयन आलेख घेऊन काकांकडे. शंभरावरून नऊ! लाल बाण!

सदाशिवरावांचा फोन आला, लगेच या. गेले. फ्लेक्स तोपर्यंत उतरवून पार्किंगमध्ये स्कूटरवर झाकायला घेतला होता.

"मॅडम, जावा मेली आपल्या इकडं. पोरायले गोडीच राह्यली नाही. हा संघदीप वर्गात करते तरी काय?"

मी सगळं सांगितलं, नीट, क्रमानं. शंभर म्हणजे काय, लॅब बिघडली होती, मुलं मदत शोधत होती, आता अडत नाही म्हणून शोधत नाहीत. नऊ हीच चांगली बातमी आहे. दोनदा सांगितलं.

ते मग म्हणाले, "मंजे बिघाड होता तं एक नंबर, अन् दुरुस्त झालं तं नववा? असं असते का कुठं मॅडम? तुमी शिकलेल्या आहा म्हनून ऐकून राह्यलो."

नयन म्हणाला, नववा नाही काका, नऊ गुण. सदाशिवराव म्हणाले, तेच ते.

एकोणीस तारखेला मी फळ्यापाशी उभी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. शंभर खोटा आहे हे तेव्हा सांगितलं असतं, तर आज नऊ खोटा आहे हे कोणी ऐकलं असतं. सोयीचा होता तोवर मी आलेखाला मान दिला. आता कुठल्या तोंडानं काढून घेऊ?

वीस तारखेला आलेख पुन्हा बघायचा आणि त्यावर ठरवायचं, असं ठरलं. प्राचार्यांनी मान हलवली.

१४ फेब्रुवारी

संघदीप घरी आला होता. बसला नाही, दारातच उभा. यवतमाळात दोन शाळांमध्ये विचारून आला म्हणे, जूनमध्ये जागा निघते का ते. मुलीला पुढच्या वर्षी पहिलीत घालायची आहे.

"मॅडम, एक बोलू? लॅब तशीच राहू द्याले पाह्यजे होती."

मी रागावले. मुलांचं काय झालं असतं, शिक्षक आहेस ना, असं बरंच. त्यानं ऐकून घेतलं. "बरोबर आहे मॅडम," म्हणाला, आणि चप्पल घालून निघाला.

त्याला बरोबर म्हणायला मीच शिकवलं होतं. माझ्याच वर्गात होता तो.

१६ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही. सदाशिवरावांकडे पुन्हा गेले, प्रॅक्टिकलच्या वह्या घेऊन. लॅब चालू झाल्यावर किती मुलांचे प्रोग्राम पूर्ण झाले ते दाखवायला. त्यांनी वह्या उलट्यासुलट्या केल्या. "याच्यात बाण कुठं आहे?"

१७ फेब्रुवारी

संघदीप आज रजेवर. लॅबमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. आयुष्यभर शिकवलं — आकडा येईल तो घ्यायचा, त्याला हात लावायचा नाही. मुलांना म्हटलं, मोबाइल काढा. जावा टाका. घरी आई-बापाच्या मोबाइलवर टाका, तांड्यावर, शेजारी, ज्याच्याकडे असेल त्याच्या. शुक्रवारपर्यंत, वीस तारखेपर्यंत, रोज.

बबिता म्हणाली, "पन मॅडम, आता तं आमाले येते."

म्हटलं, माहीत आहे. शोधा.