मामांना उपरोध कळला

कास्तेलब्रूनो, १४ जानेवारी १९५७

चि. ओत्ताविया हिस मामाचे अ. आ. वि. वि.

तू तोरिनोहून पाठवलेलं गोष्टींचं पुस्तक पोचलं. दर हिवाळ्याप्रमाणे संध्याकाळी सगळे सेकोंदोच्या गोठ्यात जमतात. गाईंची ऊब असते, आणि धड चष्मा एकट्या माझ्याकडे असल्यामुळे वाचायचं काम माझं.

पहिली गोष्ट फार आवडली. त्या काउंटासारखा यजमान आमच्या डोंगरात शोधून सापडणार नाही. मित्राने बारा वर्षांपूर्वी भर मेजवानीत त्याच्या गाण्याची टर उडवली होती, तरी बिचाऱ्याच्या मनात काही नाही. त्याला सरोवरातल्या आपल्या गढीवर बोलावतो, स्वतःच्या हाताने खोकल्याचा काढा देतो, इथून तुला परत जावंसंच वाटणार नाही म्हणतो. तिथे बायकांनी रुमाल काढले. शेवटी मात्र काउंटाचा वेंधळेपणा नडतो. मित्र आत असताना बाहेरून कुलूप लावून एकटाच होडीत बसतो, आणि किल्ली पाण्यात जाते. सेकोंदोचं मत असं, की तो कुलूपवाल्याला आणायला गेला असणार आणि तेवढ्यात लेखकाची शाई संपली.

पुढल्या महिन्याअखेर माझं हर्नियाचं ऑपरेशन आहे, घाबरू नकोस. लोभ आहेच, तो टिकवायला पुस्तकं पाठवत जा.

तुझा
एवाझिओमामा

तोरिनो, २० जानेवारी

ती. मामांना ओत्तावियाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शाळेत शिक्षकांच्या खोलीत उघडलं आणि कॉफी नाकातून आली. मामा, तो वेंधळा नाही. किल्ली त्याने टाकली. पाहुणा आत उपाशी मरणार. बारा वर्षं तो सूड मुरत घालून बसला होता, तुमच्या लोणच्यासारखा.

त्याचं प्रत्येक गोड वाक्य उलटं वाचायचं. परत जावंसं वाटणार नाही, म्हणजे जाताच येणार नाही. काढा कशाला, तर शिकार वाटेतच दगावू नये म्हणून. यालाच आम्ही उपरोध म्हणतो. आणि वातावरण बघा ना, पहिल्या पानापासून धुकं, पाण्यावर एक पक्षी नाही, गढीतला कुत्रा पाहुण्याला बघून शेपूट घालतो. माणूस अचानक साखर पेरायला लागला, की त्याचा जुना अपमान शोधायचा, हे मी मुलींकडून घोकून घेते. पुन्हा वाचून दाखवा, जरा हळू आवाजात.

ऑपरेशनची तारीख कळवा, आणि रागावलात तरी लोभ कमी करू नका.

आपली
ओत्ताविया

कास्तेलब्रूनो, ३ फेब्रुवारी

चि. ओत्तावियास अ. आ.

हळू आवाजात वाचलं. तिसऱ्या पानाला सगळे गाईंना चिकटून बसले. पण तुझ्या नियमाने जगाकडे बघायला लागलो आणि माझे डोळेच उघडले. सेकोंदो माझ्यावर सूड उगवणार आहे.

पन्नास वर्षांत या माणसाने मला गाढव आणि वाळका भोपळा याखेरीज हाक मारलेली नाही. गेले तीन आठवडे मी ‘प्रिय एवाझिओ’ आहे. चीज आणून देतो, खोकल्याची चौकशी करतो, आणि रविवारी तळघरात एकटाच ये, बार्बेरा वाइनचं जुनं पिंप उघडू म्हणतो. जुना अपमान शोधला, तर तोही निघाला. एकोणतीस साली संताच्या मिरवणुकीत याने बँडमध्ये आपला पितळी कर्णा भलत्याच ठिकाणी फुंकला, आणि मी इतका हसलो की पाद्रीबाबांनाही आवरेना. त्यानंतर त्याने कर्णा हातात धरला नाही, आणि मला त्याबद्दल आजवर अवाक्षर बोललेला नाही. काउंटही बोलला नव्हता.

काल कळस झाला. आपल्यात ऑपरेशनला जाणाऱ्याला, जा लांडग्याच्या तोंडात, असं म्हणतात, म्हणजे अरिष्ट टळतं. तोंडावर शुभ चिंतणारा वैरीच, हे तुला मी काय सांगायचं? सेकोंदोने माझा हात हातात घेतला आणि देव तुझं भलं करो म्हणाला. मी त्याचं चीज न खाता परत केलं आणि तळघरात काय, गोठ्यातही पाऊल टाकलं नाही.

मी सावध आहे. माया असू दे, आणि जपून राहा.

एवाझिओमामा

कास्तेलब्रूनो, १० फेब्रुवारी

चि. ओत्ताविया हिला सेकोंदोकाकाचा आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, चुका पोटात घाल. तुझ्या मामाला काय झालंय ते तुझ्यासारख्या शिकलेल्या माणसाने बघावं.

मी गाई विकायचं ठरवलंय. महिनाअखेरीस मुलाकडे जेनोव्हाला कायमचा चाललो, गुडघे आता डोंगर चढत नाहीत. हे गावाआधी एवाझिओला सांगायचं होतं, म्हणून तळघरात एकट्याला बोलावलं. चारचौघांत मला रडू आलं असतं. विषय कसा काढावा ते सुचेना, म्हणून गोड बोलत राहिलो. त्याला त्याची सवय नाही, पचलं नसावं.

कर्ण्यावरून हसल्याचा सूड म्हणून मी त्याचं वाईट चिंतलं, असं तो गावभर सांगत फिरतोय. ओत्ताविया, काळजी नसते तेव्हा माणसाला लांडग्याच्या तोंडात धाडता येतं. या वेळी मला खरंच भीती वाटली, लांडग्याचं नाव काढवेना. आणि कर्णा मी पुढचे दोन दात पडले म्हणून सोडला. एवाझिओ तेव्हा हसला होता, हे मला आत्ता कळतंय.

तूच काय ते कर. लोभ आहे म्हणूनच लिहिलं.

सेकोंदो

तोरिनो, १४ फेब्रुवारी

ती. मामा, नमस्कार.

चूक माझी. मी तुम्हाला अर्धाच धडा शिकवला. गोड बोलून गळा कापणारे असतात, तसे शिव्या देऊन जीव लावणारेही असतात. तुम्ही दोघं पन्नास वर्षं हाच उपरोध बोलत आलात, आणि तो शिकायला मी तोरिनोला आले.

सेकोंदोकाकांच्या तळघरात आजच्या आज जा. का ते त्यांच्याच तोंडून ऐका. मला फार वाईट वाटतंय.

तुमच्या रागाला पात्र
ओत्ताविया

कास्तेलब्रूनो, १ मार्च

चि. ओत्तावियास अ. आ.

ऑपरेशन थोडं पुढे गेलं, आता सोमवारी आहे. तळघरात गेलो होतो. खबरदारी म्हणून शेजारणीला बजावून ठेवलं होतं, की सहापर्यंत आलो नाही तर पोलिसाला पाठव. पोलीस आला तेव्हा आम्ही दोघं पिंपाशी बसून डोळे पुसत होतो. त्यालाही एक पेला द्यावा लागला. मी चीजबद्दल माफी मागितली. सेकोंदोने मला वाळका भोपळा म्हटलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

काल बसपाशी सगळं गाव जमलं होतं. मी पुढे झालो आणि त्याला म्हणालो, की जाऊ नकोस. माझ्याकडे चुलीलगतची खोली रिकामी आहे, तुझ्या गुडघ्यांना ऊब मिळेल. तुझ्यावाचून मला करमायचं नाही. ओत्ताविया, शपथेवर सांगतो, यातला एकही शब्द उलटा नव्हता. त्याच्याशी मी जन्मात पहिल्यांदा सरळ बोललो.

सेकोंदो पोट धरधरून हसला. गाव हसलं, ड्रायव्हरसुद्धा हसला. पन्नास वर्षांतली माझी ही सगळ्यात झकास थट्टा, असं सेकोंदो खिडकीतून ओरडून सांगत होता. मग मीही हसलो, आणि बस गेली.

जेनोव्हाचा पत्ता माझ्याकडे आहे. सकाळपासून दोनदा कागद घेऊन बसलो. तेच सगळं पुन्हा सरळ लिहावं म्हणतो, पण ते वाचून तो मुलाला हाक मारील, आणि दोघं मिळून हसतील.

माझ्यावर माया करतेस ती सरळ शब्दांत कळवत जा. माझं मी शिकतो आहे.

तुझा
एवाझिओमामा