मागच्या दारचा लसूण

मुलुंड, २२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शर्मिष्ठा हिस अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, मेसेजला ब्लॉक केलं आहेस, म्हणून कुरियर. सुशांत माझा मुलगा असून मधे पडत नाही. मालाडच्या हवेचा गुण असेल.

भाऊबीजेनंतर देवेश आणि जान्हवीने माझ्या मागच्या दारी लसूण लावला होता. एकेक पाकळी, टोक वर करून, मातीत बोट खुपसून. पात आता पिवळी पडली आहे, म्हणजे काढायला आलाच. नातवंडांनी लावला, त्यांनीच उपटावा. रविवारी पाठव. तुझ्याकडच्या हळदीकुंकवाला मी बोलले ते खरंच बोलले, त्यात इतकं फुगून बसण्यासारखं काय आहे?

लोभ आहे तेवढा ठेवावा, वाढवायचा की नाही ते तू बघ.

कुंदा

मालाड, २६ फेब्रुवारी

ती. आईंना सा. न.

माझ्या घरात, माझ्या शेजारणींसमोर, वाण घेता घेता तुम्ही म्हणालात की मुलांना भूक लागली की यांची आई मोबाईल उघडते. बायका हसल्या. आता मी काहीही शिजवलं की जान्हवी तेच वाक्य मला ऐकवते. दिवसभर नोकरी करून पोळ्या लाटते, ते कुणाला दिसत नाही. मुलांसमोर माझी माफी मागा, मग मुलं येतील. घाई लसणाला असेल, मला नाही.

गुडघ्यांना जपा. तुमचा लोभ मुलांवर असावा, माझ्यावर नसला तरी चालेल.

शर्मिष्ठा

मुलुंड, ७ मार्च

चि. सौ. शर्मिष्ठा हिस आशीर्वाद.

सुनेची माफी मागायचं माझं वय नाही. लसूण जास्त दिवस ठेवला तर जमिनीतच फुटतो, पाकळ्या सुट्या होतात. दोन रविवार फाटकाकडे बघत बसले. आज संतापाने सगळा उपटला. मुंबईच्या उकाड्यात गड्डे कसले, जेमतेम लिंबाएवढे. पण वास असा की शेजारच्या सुगंधाताई विचारत आल्या. वेणी घालून स्वयंपाकघरात टांगलाय. झालं ना तुझ्या मनासारखं? आता बस खुशाल.

लोभाचं काही लिहीत नाही.

कुंदा

मालाड, १० मार्च

ती. आईंना सा. न.

तुमचं पत्र मी मुलांना दाखवलेलं नाही. देवेश रोज शाळेतून आल्यावर विचारतो की आजीने आमच्याशिवाय काढला तर नाही ना. बाईंनाही सांगून ठेवलंय, आमचा लसूण आहे म्हणून. त्याला खरं सांगायची माझी हिंमत होत नाही. तुम्ही थोडा धीर धरायला हवा होता, आणि मीही मुलांना अडवायला नको होतं. तरी निम्म्याहून जास्त चूक तुमचीच.

रविवारी दोघांना सुशांतबरोबर पाठवते. मी येणार नाही. लसूण संपला हे तुमच्या तोंडाने तुम्हीच त्यांना सांगा. माफीचं राहू दे, ती मिळणार नाही हे कळलंय.

मुलांवरचा लोभ त्या दिवशी तरी दिसू द्या.

शर्मिष्ठा

मुलुंड, १२ मार्च

चि. सौ. शर्मिष्ठा हिस आशीर्वाद.

तुझ्यावरचा राग गेलेला नाही, हे आधी लिहिते.

काल वेणी सोडली. वाफ्यातली माती उकरली आणि एकेक गड्डा परत पुरला, वाळलेली पात वर ठेवून. कंबर धरली आहे. देवेशला ओढायला सोपं जावं म्हणून त्याच्या बाजूची माती सैल ठेवली आहे, जान्हवीला जरा जोर लावावा लागेल. तिला शंका येईल, ती तुझ्यावर गेली आहे. तेवढं तू सांभाळ. पोरांना काही कळू देऊ नकोस.

भांडण आणि लोभ, दोन्हींचं सोमवारी बघू.

कुंदा