एक्केचाळीस फोटो आणि एक खिळा

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी भाच्याचा साष्टांग नमस्कार.

(प्रत्यक्षात तो खुर्चीत बसूनच घातला आहे. जमिनीवर कॅमेरे पसरले आहेत, आडवं व्हायला जागाच नाही. भाव तेवढा घ्यावा.) तुमची प्रकृती ठीक असेल अशी आशा करतो. गुडघा कसा आहे? आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला तुम्ही गुडघ्यापायी येऊ शकत नाही असं कळवलंत, तेव्हापासून आम्हा सर्वांना त्याची काळजी लागून राहिली आहे. मी पडलो दवाखान्यात एक्स-रे काढणारा माणूस, त्यामुळे कोणता गुडघा हे तरी मला कळायला हवं. पहिल्या निरोपात डावा होता, दुसऱ्यात उजवा. आईने दोन्ही निरोप शांतपणे ऐकून घेतले आणि भाजी फोडणीला टाकली. तुम्ही दोघं सख्खी भावंडं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाही, त्यात मी अजिबात पडणार नाही. हे पत्र केवळ कॅमेऱ्यांविषयी आहे.

तर कॅमेरे. तुम्ही शेवटचे पाहिलेत तेव्हा सात होते, आता एकोणीस आहेत. सगळे जुने, सगळे चाकांवर आणि स्प्रिंगांवर चालणारे, एकालाही सेल लागत नाही. तुमच्या भाचेसुनेचं म्हणणं असं की सेल लागत नसला तरी कपाट लागतं, आणि ते चादरींचं होतं. (चादरी आता सोफ्याखाली आहेत. त्या तिथे सुखात आहेत, पण तिला ते पटत नाही.) लोक विचारतात की हे वेड लागलं कुठून. त्याला कारण माझी नोकरी. पूर्वी एक्स-रेची फिल्म धुवून, निथळून, उजेडाला धरावी लागे, आणि रोगी, त्याची बायको आणि मी असे तिघंजण मान वर करून एकदम बघायचो. आता बटण दाबलं की पडद्यावर हाड हजर. हातांना काही कामच उरलं नाही. मग एक दिवस जुन्या सामानाच्या दुकानात एक कॅमेरा हातात घेतला, अंगठ्याने तरफ ओढली, आतली चाकं एकामागून एक सरकत गेली आणि शेवटी खट्ट असा जो आवाज आला, तो ऐकून मी दुकानातच हसलो. दुकानदाराला वाटलं, मी घासाघीस करणार नाही. त्याचा अंदाज बरोबर निघाला.

मामा, ही यंत्रं हातात घेतल्याशिवाय त्यांची मजा कळायची नाही. थंडीत त्यांचं धातूचं अंग आधी गार लागतं आणि दोन मिनिटांत आपल्याइतकं ऊबदार होतं. एका सेकंदाचं शटर लावलं तर ते आतल्या आत कुरकुरतं, आपल्या थोरल्या काकांसारखं, आणि कुरकुर संपली की काम चोख करून देतं. उजेड किती आहे ते आपणच डोळ्यांनी ठरवायचं, अंतर पावलांनी मोजायचं, आणि छत्तीस फोटोंत भागवायचं. त्यामुळे प्रत्येक फोटोच्या आधी माणूस समोरच्याकडे खरोखर बघतो. (तुमच्या भाचेसुनेकडे मी लग्नानंतर प्रथमच इतका वेळ बघतोय, असं ती म्हणते. हे कौतुक की टोमणा, ते अजून ठरलेलं नाही.) माझे कॅमेरे दुरुस्त करतात त्यांना आम्ही स्प्रिंगमास्तर म्हणतो. चपलांच्या दुकानावर एक खोली, डोळ्याला भिंग, टेबलावर बशांमध्ये निरनिराळ्या मापांचे स्क्रू. त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "रोल भरल्यावर डाव्या हाताच्या चकतीवर नजर ठेवायची. तरफ ओढली की ती फिरली पाहिजे. आकड्याच्या खिडकीवर विश्वास ठेवू नका, ती नुसती तुमचा अंगठा मोजते." मी जाणकारासारखी मान हलवली होती.

आता आईचं सांगतो. तिला फोटोचं वावडं आहे, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? आमच्या घरच्या प्रत्येक फोटोत ती म्हणजे एक तळहात किंवा पाठमोरी वेणी. माझ्या लग्नात ती फोटोवाल्याला चुकवत इतकी फिरली, की पुढे अल्बम पाहताना पाहुणे विचारत, "मुलाची आई नव्हती का आली?" सत्तरी आली तशी मी तिच्या मागेच लागलो. महिनाभर तिने दाद दिली नाही, आणि मग एक दिवस आपणहून म्हणाली, "काढ. पण कॅमेरा एकच, आणि तो तुझा. चौदा जण चौदा मोबाइल नाचवायला लागले तर मी उठून जाईन." मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. वाढदिवसाच्या सकाळी दारातच कपडे धुवायची टोपली घेऊन उभा राहिलो आणि येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल तीत जमा केला. ताई म्हणाली, "एक तरी असू दे रे, हाताशी." त्यावर मी तिला यंत्रावरच्या श्रद्धेबद्दल पाच मिनिटं ऐकवलं, टोपली कपाटात ठेवली आणि किल्ली खिशात घातली.

फोटो मात्र काय रंगले म्हणून सांगू! नोकरीच्या सवयीने मी प्रत्येक वेळी "हलू नका, श्वास रोखा" म्हणायचो आणि सगळं घर दम धरून बसायचं. एकदा "सोडा" म्हणायचं विसरलो. बाकीच्यांनी आपापल्या अकलेने श्वास घेतला, पण भावजी शिस्तीचे. ते लालबुंद होईपर्यंत तसेच बसले, डोळे बाहेर यायला लागले, आणि ते पाहून आई हसली. गुडघ्यांवर हात ठेवून, तोंड उघडून, मोकळी हसली. मी खटका दाबला. मामा, तिला हसताना मी खूपदा पाहिलंय, पण तोंडावर हात न घेता हसताना जन्मात पाहिलं नव्हतं. त्यानंतर खिडकीत छत्तीसचा आकडा आला तरी तरफ ओढली जातच होती. सदतीस, अडतीस, थेट एक्केचाळीस! मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, "बघा, जुन्या यंत्राची दानत बघा, पाच फोटो वर दिले!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाकून त्या स्वीकारल्या.

रोल परत गुंडाळायला घेतला तेव्हा डाव्या हाताची चकती निर्वात पोकळीत फिरावी तशी फिरली. न्हाणीघराच्या फटी टॉवेलांनी बुजवून, अंधारात बोटांनी चाचपून पाहिलं. फिल्मची जीभ मी सकाळी जिथे ठेवली होती तिथेच होती, एक दातसुद्धा न सरकता. ती पकडीत बसलीच नव्हती. एक्केचाळीस वेळा मी माझा अंगठा मोजला होता.

पुढचे तीन दिवस मी इतकं खोटं बोललो की मला स्वतःचाच अभिमान वाटू लागला. रोल धुवायला दिलाय, रसायन संपलंय, धुणाऱ्याचे पाहुणे आलेत. पण आईला एकदम भलताच उत्साह आलेला. जन्मभर जिने फोटो मागितला नाही, ती सकाळ-संध्याकाळ "आले का?" विचारू लागली. चौथ्या दिवशी दवाखान्यातून आलो तर तिने बाहेरच्या खोलीत, बसल्या जागेवरून दिसेल असा भिंतीत एक खिळा ठोकून घेतलेला. त्या खिळ्याकडे पाहिलं आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. ती टॉवेलांच्या घड्या घालत होती. तिच्यासमोर बसून मी सगळं सांगून टाकलं.

तिने हातातल्या टॉवेलाची घडी पुरी केली. मग म्हणाली, "म्हणजे एक्केचाळीस वेळा तू आम्हाला श्वास रोखायला लावलास, आणि आत काहीच नव्हतं?"

"फिल्म होती गं. सरकत नव्हती."

त्यावर तिला जे हसू फुटलं ते आवरेना. घातलेल्या घड्या मोडल्या, डोळे टॉवेलाने पुसले, पुन्हा हसली. आणि हसता हसता म्हणाली, "बरं झालं. तसाही तो ठोंब्या त्यात नव्हता." (ठोंब्या म्हणजे कोण हे तुम्हाला सांगायला नको.) मग उठून तिने कपाटातून तो फोटो काढला. नऊ वर्षांची ती, आणि तिचा हात एका चौकोनी भोकाच्या खांद्यावर. तुमच्या निवृत्तांच्या मंडळाने आपल्या अंकातल्या 'ओळखा पाहू' या पानासाठी लहानपणचा फोटो मागितला, म्हणून तुम्ही तिच्याकडचा हा फोटो नेलात, नखं कापायच्या कात्रीने स्वतःला कापून घेतलंत आणि उरलेला साभार परत केलात. तुम्हा दोघांचा मिळून तो एकच होता. (आणि तो अंक निघालाच नाही असं ऐकतो.) आई म्हणाली, "कापला याचा राग नाही रे. मला तिथेच ठेवून स्वतःला तेवढा घेऊन गेला, त्याचा येतो." हे बोलताना ती हसत नव्हती. मीही हसलो नाही.

असो. पत्र कॅमेऱ्यांविषयी असल्यामुळे इथेच थांबतो. मामींना नमस्कार सांगा, गुडघे दोन्ही जपा.

तुमचा आज्ञाधारक (आणि आता चकतीकडे बघणारा)
भाचा

ता. क. रविवारी सकाळी साडेदहाला सगळे त्याच कपड्यांत पुन्हा जमणार आहेत. भावजी दम धरायचा सराव करताहेत. तुम्ही यायचंच आहे. वर जे चार कागद लिहिले ते एवढं एक वाक्य लिहायचा धीर यावा म्हणून. आईला या पत्राचा पत्ता नाही, तेव्हा तुम्हाला सहजच यावंसं वाटलं असं दाखवा.

आ. ता. क. येताना तुमच्या माळ्यावरचा तो घडीचा, भात्याचा कॅमेरा घेऊन या. तुम्हाला त्याचा उपयोग नाही. पिशवीत वरून एखादी चादर घाला, म्हणजे तुमची भाचेसून खूश होईल आणि आत बघणार नाही.

आ. आ. ता. क. हा पाकीट चिकटवायला डिंक शोधत होता, तेवढ्यात मी वाचलं. रोल या वेळी मी समोर बसून भरून घेतलाय, चकती फिरते. दोन वर्षं मी वाट पाहिली की तू आधी बोलशील. तूही तीच वाट पाहत बसला असशील, ओळखते मी तुला. मोठी मी आहे, तेव्हा आधी मी बोलते. ये.
— अक्का