पिठाचा कोंबडा, कागदाचा लॉर्ड

निपाणी,
१२ फेब्रुवारी १९७८

चि. सुकुमार भाऊजी यांस तारामतीचा जयजिनेंद्र.

आम्ही इकडे ठीक आहोत आणि तुम्हीही तिकडे ठीक असाल असं धरून चालते, कारण तुम्ही दुसरा मार्ग ठेवलेला नाही. दिवाळीला पाठवलेलं पुस्तकांचं पार्सल संक्रांतीला पोचलं. (पत्त्यात तुम्ही अजून 'निपाणी, महाराष्ट्र' लिहिता. तुमच्या भावना मला समजतात, पोस्टाला समजत नाहीत. पार्सल आधी कोल्हापूर पाहून येतं.) आत नेहमीप्रमाणे जुन्या गुप्तहेरी कादंबऱ्या आणि एक चिठ्ठी: 'वहिनी, वाचा. मी बरा आहे.' रुग्णाच्या खाटेला अडकवतात त्या कागदावरसुद्धा याहून जास्त मजकूर असतो, हे तुम्हाला डॉक्टर असून सांगायला हवं का? लेस्टरला यंदा थंडी फार आहे असं वाचलं. लोकरीचा बनियन घालत जा. लग्नाचा विषय मी काढत नाही. शेहेचाळिसाव्या वर्षी तो काढणाऱ्याचंच हसं होतं.

पत्रास कारण की मी कादंबरी लिहिते आहे. हसायचं असेल तर इथेच हसून घ्या. गेल्या जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले आणि दुपारी दुसऱ्यांच्या चुका तपासायला काही उरलं नाही. तुमची पुस्तकं होतीच. सगळी एकाच घाटाची: इंग्लंड, पहिलं महायुद्ध संपलेलं, दुसरं यायचं आहे, खेड्याबाहेर मोठं घर, घरात एक लॉर्ड, त्याचं कोणाशी पटत नाही, आणि एका सकाळी तो मेलेला सापडतो. मला वाटायचं, लिहिणाऱ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं असेल. मग एका पुस्तकाच्या पाठीवर लेखकाचा फोटो बघितला. पोरसवदा, केस मानेपर्यंत, जन्म दुसरं युद्ध संपल्यावरचा. जो काळ त्याने पाहिलाच नाही त्यावर तो बेधडक लिहितो. मी तर तो काळ पाहिला आहे, फक्त निपाणीतून. तेव्हा वह्या आणवल्या आणि सुरुवात केली. साल १९३०, महिना डिसेंबर, लॉर्ड ॲशकोम्ब यांचा वाडा. गुप्तहेर म्हणून एक निवृत्त शाळातपासनीस घेतला. त्या जातीइतका संशयी माणूस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. कोल्हापूरचे एक प्रकाशक छापायला तयार झाले. त्यांची अट एकच, पन्नास पानांच्या आत मुडदा पडला पाहिजे.

लिहून झालेलं मी संध्याकाळी जेवणं आटोपल्यावर तुमच्या आईंना, माझ्या आत्याबाईंना, वाचून दाखवते. (त्यांना डोळ्यांनी दिसत नाही असं नाही, पण दुसऱ्याने वाचलेलं त्यांना जास्त खरं वाटतं.) त्या माळ घेऊन बसतात. गोष्ट रंगली की माळ थांबते, हे मी ओळखून आहे, आणि त्यांना कळू देत नाही. आमचे हे, म्हणजे तुमचे अण्णा, वखारीतून आलेले असले तर तेही ऐकतात आणि शेरे मारतात. वाड्यातला मुख्य नोकर प्रत्येक दाराशी अदबीने उभा असतो हे ऐकून ते म्हणाले, असला रिकामा माणूस मी ठेवला असता तर तंबाखूला केव्हाच बुरशी आली असती. पहिले दोन अध्याय सुखाने पार पडले. प्रकाशकांनी मात्र कोल्हापूरला बोलावून विचारलं की लॉर्डसाहेब रात्रीचं जेवण दुपारी साडेतीनला का करतात. मी म्हटलं, डिसेंबरात तिकडे चारच्या आत दिवस मावळतो, मग केव्हा जेवणार? बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की ते लोक जैन नाहीत. त्या जेवणात कांदा नव्हता, बटाटा नव्हता, आणि शिकारीहून परतलेल्या पाहुण्यांना मी दुध्याची भाजी वाढली होती. भूगोल बरोबर होता, माणसं चुकली होती.

तिसऱ्या अध्यायात लॉर्ड मेले. पाण्याच्या सुरईत कोणीतरी विषाची पूड टाकली. आत्याबाईंनी पहिल्यांदा विश्वासच ठेवला नाही. त्यांनी विचारलं, पाणी गाळलं न्हवतं का? नोकराने पाणी पांढऱ्या फडक्यातून दोनदा गाळल्याचं मागच्याच अध्यायात मी अनवधानाने लिहून बसले होते. त्यांच्या मते पूड फडक्यात राहिली आणि माणूस वाचला. मी जरा कडकपणे सांगितलं की तो मेला आहे आणि डॉक्टरनेही तसं लिहून दिलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाचा पेला तसाच परत आला.

भाऊजी, तुमच्या आई किती वर्षं एकभुक्त आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. सकाळचं दूध हाच त्यांचा आधार, असं इथल्या डॉक्टरांनी मला बजावून सांगितलेलं आहे. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, गोष्ट संपेस्तवर दूध बंद. खून लिहिणारी मी, पण तो कान देऊन ऐकला त्यांनी, आणि ऐकताना गोडी लागली. करणं, करवणं आणि केलेल्याला मनातून मान डोलावणं, तिन्हीचं पाप सारखं, हे तुम्हीही पाठशाळेत शिकलात. मी बी.ए.ची सगळी बुद्धी पणाला लावून सांगितलं की लॉर्ड कागदाचा आहे, त्याला रक्त नाही, बायको नाही, जीव नाही. त्यावर त्यांनी मला त्या राजाची आठवण करून दिली, ज्याने आईच्या हट्टापायी देवीपुढे पिठाचा कोंबडा कापला आणि त्यासाठी किती जन्म हाल सोसले.

"कोंबडाबी पिठाचाच हुता की गं," एवढंच म्हणाल्या.

तीस वर्षं मी इन्स्पेक्टरांपासून पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांना उत्तरं दिली. इथे मात्र पेन उचललं. मी लॉर्डना शुद्धीवर आणलं. खून काढून मोत्यांची चोरी घातली. आत्याबाई समाधानाने ऐकू लागल्या आणि दुसऱ्या पानावर झोपी गेल्या. प्रकाशक म्हणाले, बाई, मोती गेले तर लोक पोलिसात जातील, पुस्तकाच्या दुकानात येणार नाहीत. मग तुमच्या अण्णांनी मार्ग सुचवला: लॉर्डांना अन्नपाणी सोडून सल्लेखना घेऊ दे, माणूसही मरेल आणि पापही लागणार नाही. मी तेही अर्धं पान लिहिलं. खाटेभोवती पाद्री, डॉक्टर आणि पोलिसांचा साहेब हात जोडून उभे. सगळं फार मंगल झालं आणि गुप्तहेराला करायला काही उरलं नाही. पान फाडलं. इतक्यात आत्याबाईंच्या पोलक्याच्या बाह्या सैल दिसू लागल्या होत्या. लिखाण अर्धं टाकून देईन म्हटलं तर त्या म्हणाल्या, टाकलेली गोष्ट संपलेली नसते. नेम म्हणजे नेम.

त्या दिवसांत मी पुष्कळ विचार केला. वाचणाऱ्यांना खून आवडत असेल असं मला वाटत नाही. पहिल्या युद्धात त्या देशाची लाखो मुलं मेली आणि घरच्यांना एका तारेपलीकडे कोणी काही सांगितलं नाही. त्यानंतरच्या वीस वर्षांतल्या या गोष्टी. एक तऱ्हेवाईक म्हातारा मरतो, आणि एक परका माणूस येऊन तीनशे पानं विचारत बसतो: शेवटचं कोणी पाहिलं, काय बोलला, चहा पूर्ण प्याला का. मला वाटतं लोक ही विचारपूस वाचतात. आपल्याकडे माणूस गेला की वय विचारतात, आणि वय पुरेसं असलं की विषय संपतो.

हे मी आत्याबाईंना बोलून दाखवलं. त्या ज्वारी निवडत होत्या. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "मग मेलेलाच घे की. नवा कशाला मारतीस?"

आणि त्यांनी यल्लाप्पाचं सांगितलं. तुम्हाला हे नाव माहीत नसेल. या घरात तीस वर्षं राहून मलाही नव्हतं. बोरगावला आत्याबाईंच्या वडिलांच्या शेतावर यल्लव्वा कामाला होती, तिचा हा मुलगा. ओढ्याला पाणी आलं की लहानग्या आत्याबाईंना खांद्यावर बसवून पलीकडे सोडायचा. पुढे बेळगावला कँपात एका साहेबाच्या घोड्यांवर कामाला राहिला. पहिलं युद्ध संपल्यावर साहेब पेन्शनीत निघाला आणि आवडते दोन घोडे बोटीने घेऊन गेला. घोडे दुसऱ्या कोणाचं ऐकत नव्हते म्हणून यल्लाप्पालाही नेलं. घोडे स्थिरावले की परत पाठवतो म्हणाला. त्याच वर्षी आत्याबाईंचं लग्न झालं. त्यानंतर त्या माहेरी गेल्या की यल्लव्वा गोठ्याशी गाठून विचारायची, निपाणीत काय कळलं का? तिच्या लेखी निपाणी मोठं गाव, तिथे पोस्ट, तिथून इंग्लंड जवळ. आत्याबाई दर खेपेला न्हाय म्हणायच्या. एक वर्ष गेल्या तर विचारायला यल्लव्वाच नव्हती. त्यानंतर त्याच्याबद्दल कोणी कोणाला काही विचारलेलं नाही.

मी त्या रात्री तुमची सगळी पुस्तकं पुन्हा उघडली. त्यांत घोडे आहेत, घोड्यांची नावं आहेत, एका घोड्याची तर वंशावळ आहे. घोडे कोण घासतो ते नाही. ज्या वाड्यांत तीनशे पानं एका लॉर्डाची चौकशी चालते, त्यातल्या एखाद्याच्या मागच्या पागेत आपला माणूस होता, आणि गुप्तहेर त्या दारावरून रोज जात होता.

तेव्हा मी कादंबरी नव्याने लिहायला घेतली. लॉर्ड जिवंत आहेत आणि मी त्यांना वेळेवर, म्हणजे अंधारात, जेवू घालते. माझा शाळातपासनीस मोत्यांसाठी येतो, पागेत एक रिकामी खाट बघतो, आणि तिच्यावर कोण झोपायचं हे सगळ्यांना विचारत सुटतो. (प्रकाशकांना कळवलं की मुडदा आहे, पण जुना आहे. त्यांचं उत्तर आलेलं नाही.) आत्याबाईंची माळ आता जवळजवळ थांबलेलीच असते. लिखाण शेवटच्या अध्यायापर्यंत आलं आहे आणि तिथे मी अडले. एकेक जण दिवाणखान्यात येऊन बसला आहे. गुप्तहेराने प्रश्न विचारला आहे. पुढचं वाक्य मला लिहिता येत नाही. थंडीने गेला लिहू? लग्न करून तिथेच राहिला लिहू? काहीही लिहिलं तरी त्या ते खरं धरणार, आणि म्हातारीला खोटं सांगून दूध पाजायचं हे माझ्याने होत नाही. रोज मी वही घेऊन बसते आणि त्या विचारतात, "काय कळलं का?" मी न्हाय म्हणते.

तरी पुढील गोष्टी सवडीने कळवाव्यात. तिकडे पागेत शेगडी असते का. घोड्यांवरचा माणूस हिवाळ्यात झोपतो कुठे. आणि डिसेंबरात लोक खरोखरच दिवस मावळल्यावर जेवतात का, की तसं नुसतं पुस्तकात असतं. बाकी सर्व क्षेम. तुमचे अण्णा आशीर्वाद सांगतात. प्रकृतीस जपावे, आणि जपलं की नाही तेही लिहावे.

आपली वहिनी,
तारामती

ता. क. शेगडीचं आणि जेवणाचं राहू द्या. त्या साहेबाच्या गावाचं नाव लिटल हॅम्बरी. यल्लव्वा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, म्हणून आत्याबाईंच्याही तोंडी राहिलं. मी शाळेच्या मोठ्या नकाशात शोधलं. लेस्टरहून बेळगाव-निपाणीपेक्षा लांब नाही. एखाद्या रविवारी जाऊन तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तुम्ही रोज अनोळखी माणसांना कुठे दुखतं ते विचारता, तुम्हाला जड जाऊ नये.

दुसरा ता. क. जे कळेल ते पत्राने पाठवू नका. चिठ्ठीने तर नकोच. इथे येऊन आईला समोर बसून सांगा. काही कळलं नाही तर तेही येऊन सांगा. दुधाचं मी वाढवून लिहिलेलं नाही.

तिसरा ता. क. पाकीट बंद करण्याआधी आत्याबाईंना हे सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणतात, "यल्लाप्पाचं ऱ्हाऊ दे गं. तिथं सुकुमारला कोण इचारतंय का न्हाय, तेवढं इचार."