तळटीपेतली बाई

उल्पियानो दादा,

'प्रिय' लिहायला हात धजत नाही. किटोहून आलेला तुझा लेख मी गुरुवारी आपल्या गावच्या वाचन मंडळात मोठ्याने वाचला. निसर्ग आणि साहित्यावरची तुम्हा शिकलेल्यांची जडजड पुस्तकं आम्हीही मिळून वाचतो.

गेल्या वर्षी तू आला होतास, तेव्हा मंडळात तिवरांवरची एक कविता ऐकून आई म्हणाली होती, "या कवीला एकही डास चावलेला दिसत नाही." सगळे हसले, तू वहीत टिपून घेतलंस. आता लेखात तेच वाक्य, आणि तळटीपेत 'शिंपले काढणारी एक अशिक्षित स्त्री'! तिच्या त्याच शिंपल्यांच्या पैशांवर शिकलास ना?

गुरुवारी ते ऐकून आई म्हणाली, "हुशार आहे गं ही बाई. कोण आहे?"

सगळे खाली बघत राहिले. मीही.

हे पत्र पाठवणार नाही. यातलंही एखादं वाक्य उचलशील.

नेर्सिसा