आत माणसं आहेत

अमरावती,
रविवार, २७ ऑक्टोबर १९६८

ती. सौ. रमावन्सं यांना सरोजिनीचा नमस्कार.

तुमचं कार्ड काल दुपारी पोचलं. इकडे सगळे बरे आहोत. अनारसे यंदा हसले, चकल्या मात्र जमल्या. आईंचा गुडघा थंडीच्या चाहुलीनेच धरला आहे, तरी तुळशीपाशी दिवा त्याच लावतात. ह्यांच्याबरोबर तुम्हाला पाठवायला काढलेलं लुगडं त्यांनी परत पेटीत ठेवलं.

तुम्ही रागावलात, ते बरोबरच आहे. ओवाळणीचं ताट तयार करून बहीण बसते आणि तीन तासांवरून भाऊ येत नाही, याचं वाईट वाटणारच. ह्यांचं पोट बिघडलं होतं असं मी तारेत कळवलं. तुम्हाला ते पटलं नाही. तुम्ही लिहिता, "दुसऱ्याचं मूल घरात नको, म्हणून तूच बाबूला अडवलंस."

वन्सं, मी अडवलं नाही. तुमची पुतणी सिंधू बाळंतपणात गेली, तिची मुलगी तुमच्याकडे आहे आणि ती आमच्या ओटीत घालायचं तुमच्या मनात आहे, हे वाचलं त्या दिवशी हे जेवताना एकदम म्हणाले, "भाऊबीजेले जातो अन् पोरगी पाहून येतो." मी म्हटलं, एसटीने जा. तर म्हणाले, "असं किती दिवस चालन सरू? आता गाडीनंच जातो."

असं किती दिवस, याचा अर्थ तुम्हाला कळणार नाही. परदेशातून आलो तेव्हा मुंबईहून आम्ही एसट्या बदलत बदलत तीन दिवसांनी घरी पोचलो. रेल्वेची तिकिटं मिळाली नाहीत, असं सगळ्यांना सांगितलं. तिकिटं काढायला आम्ही गेलोच नव्हतो.

भाऊबीजेच्या सकाळी हे नवा सदरा घालून बडनेऱ्याला गेले. दुपारी त्यांना घरी घेऊन आले ते आपले शेजारी कुर्बानभाई, ते स्टेशनावरच कामाला असतात. ओसरीवर ह्यांना बसवून ते मला म्हणाले, "भाभी, मास्टर गाडीत चढलेच नाई. दोन गाड्या गेल्या. मी इचारलं, काहून चढून नाई राहिले? तर म्हणे, आत माणसं आहेत. आता गाडीत माणसं नाई राहीन, तर कोण राहीन?"

कुर्बानभाईंना मी पाणी दिलं. त्या दिवसापासून हे जेवतात, शाळेच्या वह्या तपासतात, पण बोलत नाहीत.

आता तुम्हाला सांगते. आईंना यातलं काही माहीत नाही.

तिकडे, त्या देशाच्या उत्तरेत, कानो शहरात ह्यांच्या शाळेत चुकुमा नावाचे रसायनशास्त्राचे शिक्षक होते. ते पूर्वेकडचे, इबो लोकांपैकी. त्यांची बायको न्गोझी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. आम्ही गेलो तेव्हा त्या देशाला स्वातंत्र्य मिळून दोनच वर्षं झाली होती आणि दर वर्षी पहिल्या ऑक्टोबरला चुकुमा घरावर झेंडा लावायचे. मग एका वर्षात दोनदा लष्कराने सरकार उलथवलं. पहिल्यांदा मारले गेले त्यांत उत्तरेकडचे पुढारी होते, मारणारे बहुतेक इबो अधिकारी होते, आणि त्याचा राग उत्तरेत राहणाऱ्या साध्या इबो माणसांवर निघू लागला. बाजारात ज्यांच्याकडून आम्ही केळी घ्यायचो, ती माणसं दिसेनाशी झाली. शेवटी चुकुमांनीही गावी जायचं ठरवलं. त्या वर्षी झेंडा लावला नाही.

आम्ही त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो. मी वाटेसाठी दशम्या केल्या होत्या. फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, सगळी त्यांच्यासारखीच निघालेली माणसं. चुकुमा डब्यात चढले. न्गोझी गाठोडी वर देत होती, म्हणून तिने आपली मुलगी माझ्याकडे दिली. पाच महिन्यांची होती. आदा नाव. त्यांच्याकडे थोरल्या लेकीला आदा म्हणतात.

तेवढ्यात सैनिक आले. 

वन्सं, मला ते लिहिता येणार नाही. डब्यांतून माणसं ओढून काढली, एवढंच लिहिते. चुकुमांनी ह्यांच्याकडे पाहिलं आणि हाक मारली नाही. हाक मारली असती, तर सैनिकाची नजर आमच्याकडे वळली असती, हे त्यांना कळलं होतं. न्गोझीला मी त्यानंतर पाहिलं नाही.

मी आदाला पदराखाली घेऊन उभी होते. एक सैनिक जवळ आला. हे त्याच्या भाषेत म्हणाले, "आमची आहे." त्याने पदर बाजूला करून पाहिलं. आदा झोपली होती. तो पुढे गेला.

ती आमच्याकडे तीन आठवडे राहिली. दुधाच्या डब्यातलं दूध पहिले दोन दिवस घेईना, मग घेऊ लागली. हे तिला खांद्यावर टाकून पाढे म्हणायचे. आम्हाला मूल व्हावं म्हणून तुम्ही इकडून रिद्धपूरला नवस बोलल्याचं कळवलंत, ते पत्र त्याच दिवसांत आलं होतं. वाचताना ती माझ्या मांडीवर होती.

मग मिशनच्या एक बाई आल्या. मागे राहिलेल्या लोकांना विमानाने पूर्वेला नेत होते. आदाची आजी तिकडे एनुगूला जिवंत होती आणि तिने निरोप पाठवला होता. हे म्हणाले, "नको देऊ." मी म्हटलं, "अहो, आजी आहे तिची." आणि मी दिलं.

पुढच्या वर्षी तो पूर्वेकडचा मुलूख वेगळा झाला आणि लढाई पेटली. आता तिथे अन्न पोचू देत नाहीत. पेपरात फोटो येतात, पोटं फुगलेल्या मुलांचे. मी घरचा पेपर बंद केला, तर हे वाचनालयात जाऊन पाहतात. एकदा मी विचारलं, "ओळखू येईल का हो?" म्हणाले, "नाई येणार. म्हणूनच सगळेच पाहावे लागतात."

मीसुद्धा पाहते. पुडीला आलेला कागद उलगडताना आधी डोळे मिटते. ह्यांचं सांगितलं, माझं सांगायचं राहिलं होतं.

सिंधूची मुलगी मला हवी आहे. तुम्हीच तिला घेऊन या, अशा मनःस्थितीत हे एसटीनेसुद्धा तिकडे येऊ शकणार नाहीत. पण त्याआधी तिच्या वडिलांना, उद्धवरावांना, समोर बसवून विचारा. आज ते दुःखात आहेत. उद्या दुसरं लग्न होईल, घर भरेल आणि लेक आठवेल. बापाला लेक आठवली तर त्यात त्याची चूक नाही, आणि तो दारात आला तर मला नाही म्हणता येणार नाही. म्हणून आत्ताच विचारा, आणि त्यांचं मन जरासुद्धा डळमळीत वाटलं तर आणू नका. मी राग मानणार नाही.

आदाला दिलं, ते बरोबरच केलं. पुन्हा तसंच बरोबर वागणं माझ्याच्याने होणार नाही.

तुमच्या भावाला धरून असलेली,
सरोजिनी